वाणात दिलेलं गवत

अल खोरच्या आमच्या कंपाउंडमध्ये चारुलता राजहंसांना सगळे 'गवतकाकू' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर त्या चारुकाकू. हे नाव कुणी ठेवलं ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते मीच ठेवलं होतं. मला कतारला येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. नाशिकची नोकरी सोडून आलेली, व्हिसावर 'हाउसवाइफ' असा शिक्का, आणि बोलायला मिळेल त्याच्याशी तिरकं बोलणं एवढाच उद्योग.

चारुकाकू पंचावन्नच्या होत्या. शुक्रवारी सकाळी बाकीची मराठी घरं अंथरुणात असताना काका-काकू जुन्या जीपमधून उत्तरेकडे निघायचे. काकूंच्या अंगात काकांचा लांब बाह्यांचा शर्ट, पायात काकांचेच सेफ्टी शूज, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. विजयकाका रास लफानच्या गॅस प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. ते गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून पेपर वाचत आणि काकू जमिनीवर पालथ्या पडून गवत मोजत. माझ्या नवऱ्याने, शौनकने, एकदा कंपनीच्या बसमधून हे दृश्य पाहिलं. बाई पडली आहे असं समजून ड्रायव्हरने बस थांबवली होती. काकूंनी मान वर करून "आय अ‍ॅम फाइन, थँक यू" म्हटलं आणि पुन्हा खाली घातली. हा किस्सा मी वर्षभर पुरवून पुरवून सांगितला.

मग एका शुक्रवारी शौनकची ड्यूटी होती, घरात जीव रमेना, म्हणून मीच म्हटलं, "काकू, मी येऊ का?"

कतारचा उत्तर भाग बघून कुणी हरखून जाईल असं काही नाही. सपाट, पिवळट, दगडगोट्यांची जमीन. मध्येच चुनखडीची एखादी बुटकी टेकडी, कमरेएवढी, फार तर डोक्याएवढी. पण या उंचवट्यांच्या मध्ये काही ठिकाणी जमीन बशीसारखी खोलगट असते. पाऊस पडतो वर्षातून चार-सहा दिवस. ते पाणी आजूबाजूची माती घेऊन या खळग्यांत येऊन बसतं आणि तिथे गवत उगवतं. इथले लोक अशा जागेला रौदा म्हणतात. आम्ही गेलो तिथे कडेला बोराच्या जातीची दोन झाडं होती आणि मध्ये हिरवं काहीतरी पसरलेलं होतं.

काकूंनी प्लंबिंगच्या पाइपांची एक चौकोनी चौकट काढली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. ती गवतावर ठेवली आणि मला विचारलं, "यात किती प्रकारची गवतं आहेत?"

मी उभ्यानेच पाहिलं आणि म्हटलं, "दोन. तीन असतील."

"झोप," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पालथी झोप. उभं राहून गवत दिसत नाही."

मी नवीन कुर्ता घातला होता. तरी झोपले. अर्ध्या तासात मला अकरा सापडली. एकाचं पातं कडेने दातेरी, एकाच्या देठाशी लव, एक जमिनीला चिकटून आडवं पसरलेलं. डोक्यावर कुठेतरी चंडोल ओरडत होता. नाकात मातीचा वास होता. कतारला आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

परत येताना काकूंनी त्यांची हकिगत सांगितली. एकोणीसशे त्र्याऐंशी साली वर्षाच्या स्कॉलरशिपवर त्या इंग्लंडला गेल्या होत्या, वनस्पतिशास्त्रात रिसर्च करायला. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या टेकड्या आहेत. पांढरीफेक, मऊ चुनखडी. पायवाटेने चाललं की बूट पांढरे होतात, आणि पाऊस पडला की तीच वाट साबणासारखी निसरडी. टेकड्या उंच नाहीत, गोलसर आहेत. वर झाडं जवळजवळ नाहीतच. मेंढ्यांनी कित्येक शतकं कुरतडून ठेवलेलं बोटभर गवत, त्यात ओव्यासारखा वास येणारी बारकी झुडपं, आणि वरती दिवसभर चंडोल. पहिल्या दिवशी त्यांच्या गाईडने लाकडी चौकट टाकून हाच प्रश्न विचारला होता. काकूंनीही "तीन" असंच उत्तर दिलं होतं. म्हाताऱ्याने त्यांना संध्याकाळपर्यंत पालथं झोपवलं. सत्तावीस निघाली.

"खडूवर माती बोटभर असते," काकू म्हणाल्या. "तिच्यात काही कस नसतो. म्हणून तर सगळी राहतात. खत घातलंस की दोन-तीन दांडगी गवतं वाढतात आणि बाकीच्यांना खाऊन टाकतात. गरीब जमिनीत कुणा एकाची दादागिरी चालत नाही."

मार्चमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याची तार आली. टेकड्या फुलतात त्या जून-जुलैत. तो उन्हाळा काकूंनी पाहिलाच नाही. वडिलांच्या उशाशी दोन वर्षं गेली, मग लग्न झालं, मग विजयकाकांची आखातातली नोकरी. थीसिसचं कुणी नाव काढलं नाही, त्यांनीही नाही. कतारला आल्यावर एकदा उत्तरेकडे जाणाऱ्या शमालच्या रस्त्यावर गाडीचं टायर बसलं. काका टायर बदलत होते आणि काकू सहज रस्त्याकडेच्या खळग्यात उतरल्या. खाली चुनखडी, वर बोटभर माती, तिच्यावर गवत. पुढच्या आठवड्यात त्यांनी काकांना पाइप आणायला सांगितले.

मी त्या दिवसापासून 'गवतकाकू' म्हणणं बंद केलं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तरी त्यांच्याबरोबर जायची. त्यांच्या दुसऱ्या बेडरूममध्ये बिछाना नव्हता, सुकवलेल्या गवतांचे गठ्ठे होते. त्या खळग्यातल्या सगळ्या गवतांची नावं त्यांनी शोधून काढली होती. एक सोडून. ते बोटभर उंच, निळसर हिरवं, साधारण आपल्या दूर्वेसारखं दिसणारं. दुसऱ्या कुठल्याच खळग्यात ते त्यांना सापडलं नव्हतं. पाती सुकवून त्यांनी इंग्लंडला पाठवली, तिथून उत्तर आलं की फुलोरा पाठवा. गवताचं नाव फुलावरून कळतं, पात्यावरून नाही. आणि फुलोरा येण्याच्या आत दरवर्षी उंट किंवा शेळ्या ते चरून जायच्या.

"नवीन असेल का?" मी विचारलं. माझ्या डोक्यात लगेच पेपरमधला फोटो वगैरे.

"साधंच असेल कदाचित," काकू म्हणाल्या. "पण कुठलं साधं, ते कळायला नको?"

हे सगळं वर्ल्ड कपच्या तयारीच्या दिवसांतलं. स्पर्धा दोन हजार बावीसला, पण देश त्याच्या कितीतरी आधीपासून खणला जात होता. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी सापडायचा नाही, रोज नवा डायव्हर्जन. दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरात कधी नव्हे एवढा पाऊस झाला. डिसेंबरात आम्ही खळग्याकडे गेलो तर तो असा हिरवागार की काकू गाडी थांबायच्या आत उतरल्या. आणि चारही बाजूंनी लाल फिती बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या होत्या.

रोलरवर एक पाकिस्तानी ड्रायव्हर बसला होता, कासम नावाचा. त्याने सांगितलं की नव्या रस्त्याचे पाइप आणि मशिनरी ठेवायला इथे यार्ड होणार आहे, खड्डा भरून सपाट करायचाय. काकूंनी त्याला त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत काय सांगितलं कुणास ठाऊक. तो आधी हसला, मग खाली उतरून त्याने गवत पाहिलं.

"बाजी, आज और कल ले जाओ," तो काकूंना म्हणाला. "परसों खलास."

काकूंनी विजयकाकांकडून तीन-चार ऑफिसांना फोन करवले. सगळीकडे माणसं नीट बोलली आणि पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाली. मग दोन दिवस आम्ही तिघं त्या निळसर गवताचे ठोंब मातीसकट काढत होतो. कासमने फावडं दिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. शौनक बसमधून येता-जाता बघायचा. आठवड्याने म्हणाला, "सपाट झालं." मी ते काकूंना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकू असायचं. अल खोरच्या मराठी बायकांत वाणाची जोरदार चुरस. कुणी स्टीलचे डबे लुटतं, कुणी भारतातून पर्स मागवतं. त्या वर्षी काकूंनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत गवत लुटलं. अकरा बायका, अकरा डबे. हळद-कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि हातात गवत. माझी मैत्रीण नीता माझ्या कानात म्हणाली, "आपण काय गाई आहोत?" मी हसले. काकूंनी पाहिलं की काय, माहीत नाही.

"एकाच घरात ठेवलं आणि काही झालं तर सगळंच जाईल," काकू सगळ्यांना म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला देतेय. पाणी घाला. आणि फुलोरा येईपर्यंत कुणी हात लावू नका. फुलोरा दिसला की मला फोन करा, मध्यरात्र असली तरी."

एवढं बोलताना त्यांचा आवाज हलला. मग नीतानेच विषय बदलून पोह्यांची रेसिपी विचारली.

उन्हाळा आला. आखातातल्या उन्हाळ्यात कुंड्या कशा मरतात हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. शाळा सुटल्या की सगळी घरं भारतात जातात, जाताना एसी बंद करतात, गॅलरीत जे असेल ते देवाच्या हवाली. त्यात जुलैत विजयकाकांच्या छातीत दुखलं, बायपाससाठी काका-काकूंना तडकाफडकी पुण्याला जावं लागलं. त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला माळी ठेवला होता. त्याने तण समजून ते गवत उपटलं आणि रिकाम्या कुंड्यांत, बिचाऱ्याने, कौतुकाने सदाफुली लावली.

ऑगस्टच्या शेवटी काकू परत आल्या. आल्या त्याच संध्याकाळी त्या घरोघर गेल्या. नीताकडे वाळलेलं. दुसरीकडे डबाच फेकून दिलेला. अशा दहा घरांतून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "सांग काय ते एकदाचं."

माझ्याकडचं जिवंत होतं. माझं त्यात काही कर्तृत्व नाही. शौनकला रजा मिळाली नव्हती, म्हणून आमचा एसी उन्हाळाभर चालू होता आणि गॅलरीत त्याच्या पाइपातून जे थेंब पडायचे त्याखाली मी ते कुंडीत लावून ठेवलं होतं. गवत कुंडीच्या बाहेर आलं होतं. काकू गॅलरीच्या फरशीवर बसल्या. वाकून एकेक देठ निरखला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "फुलोऱ्याला पंधरा दिवस. फार तर वीस."

"काकू, घरी घेऊन जा ना तुम्ही."

"नको. त्याला इथे मानवलंय. आत्ता हलवलं तर रुसेल. तुझ्याकडेच राहू दे." आणि माझ्या गालाला हात लावून गेल्या. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या आईनेही कधी टाकला नव्हता.

पाच सप्टेंबरला गणपती होते. आमच्याकडे दीड दिवसाचा. आदल्या दिवशी मी गॅलरी धुतली. विसर्जनाचा टब ठेवायला जागा हवी होती, म्हणून कुंडी उचलून कठड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पूजेची तयारी करायला बसले आणि दूर्वांची पिशवी उघडली. नीताच्या भावाने पुण्याहून आणलेल्या दूर्वा, नीताने फ्रीझरमध्ये ठेवून माझ्यासाठी जपलेल्या. काळा चिखल झाला होता. शौनक सोवळं नेसून पाटावर बसलेला, मोबाइलवर पूजेचं रेकॉर्डिंग लावायला तयार, आठ वाजता त्याला बस पकडायची. "नुपूर, यल्ला, चल लवकर," त्याने हाक मारली.

मी गॅलरीत गेले. मी विसरले नव्हते, हे मला सांगायचंय. फुलोऱ्याला हात लावायचा नाही हे मला चांगलं आठवत होतं. मी नीट पाहिलं. एकही फूल नव्हतं. आणि दूर्वा कशी घ्यायची हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. कोवळी, शेंड्याची, फूल न आलेली. मी अगदी निवडून शेंडे खुडले, त्यातले टपोरे आधी. एकवीस जुड्या व्हायला अख्खी कुंडी लागली.

संध्याकाळी घर भरलं होतं. चारुकाकू दर्शनाला आल्या, हात जोडले आणि मूर्तीकडे पाहत उभ्या राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं, आपली सजावट आवडली.

"नुपूर, दूर्वा कुठून आणल्यास?"

"अहो काकू, तुमच्याच!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ऐन वेळी आमच्या सडल्या. शेवटी तुमचं गवत बाप्पाच्या कामी आलं बघा."

दोन-चार जणी "वा!" म्हणाल्या. काकूंचा चेहरा उतरला.

"फूल नव्हतं काकू. मी बघितलं होतं. शप्पथ."

"बाहेर नसतं गं ते आधी," काकू हळूच म्हणाल्या. "पोटरीत असतं. गहू कधी पाहिला नाहीस का शेतात? कणीस बाहेर पडायच्या आधी देठाच्या पोटात असतं. तिथे देठ फुगतो." त्यांनी अंगठा आणि बोट किंचित विलग करून दाखवलं. टपोरे शेंडे. मी टपोरे आधी खुडले होते.

शौनक पटकन पुढे झाला. "काकू, मी देतो काढून." तेवढ्यात नीता म्हणाली, "अरे, असं वाहिलेलं काढतात का? उत्तरपूजा होऊ दे." ती काही वाईट बोलली नाही. आपण सगळे असंच म्हणतो.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "उद्या दे मला." प्रसादाचा मोदक त्यांनी खाल्ला. मग कठड्यावरची कुंडी मागितली. दिवसभरच्या उन्हात माती तडकली होती, वर नुसती खुंटं. त्या ती दोन्ही हातांत धरून घरी गेल्या.

मी नंतर एकदा त्यांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही हट्टाने मागितलं का नाही. मी दिलं असतं, देवाची क्षमा मागून दिलं असतं. त्या म्हणाल्या, "घर माणसांनी भरलं होतं तुझं. देवावरून ओढून घ्यायचं होतं का मी?"

दुसऱ्या दिवशी टबात विसर्जन झाल्यावर मी निर्माल्यातून एकेक काडी वेचली. समईच्या उष्णतेने सुकून गुंडाळ्या झाल्या होत्या, काहींना कुंकू लागलं होतं. काकूंनी ब्लेडने एकेक देठ उभा चिरला आणि भिंगाखाली तास-दोन तास पाहून चित्रं काढली. इंग्लंडहून महिन्याने उत्तर आलं. फार कोवळं आहे, दोन जातींपैकी कुठलंही असू शकेल, पूर्ण उमललेला फुलोरा मिळाला तर कृपया पाठवावा. कुंडीला काकू दिवाळीपर्यंत पाणी घालत होत्या. एकही पातं फुटलं नाही.

त्या वर्षी तेलाचे भाव पडले होते आणि कंपन्या माणसं कमी करत होत्या. विजयकाकांना डिसेंबरपर्यंतची मुदत मिळाली. सामान बांधायला मी रोज जात होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. गठ्ठे पुण्याच्या एका कॉलेजला द्यायचे होते, दोनशे बारा कागद. प्रत्येक कागदावर एक सुकलेलं गवत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात काकूंच्या बारीक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. नाव, स्थळ, तारीख, आणि 'संग्राहक' या शब्दापुढे चा. राजहंस. मी मोजून मोजून गठ्ठ्यात रचत होते. शेवटच्या कागदावर कुंकवाचा डाग होता.

नाव ही जागा कोरी होती. स्थळ: अल खोरच्या उत्तरेचा रौदा, आता अस्तित्वात नाही. तारीख: ५ सप्टेंबर २०१६. संग्राहक: नुपूर टिपणीस.

"काकू, इथे माझं नाव कशाला?" "प्लीज, तुमचं लिहा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रागाने नाही. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते.

"तोडलं कुणी?" त्या म्हणाल्या.

"मी."

"मग झालं तर. जे झालं ते तसंच लिहायचं असतं. उद्या कुणाला असंच सापडलं, तर तो हा कागद काढून बघेल. त्याला खोटं सांगून कसं चालेल?" मग दोरी पुढे करून म्हणाल्या, "बांध आता."

मी कागद सरळ केले, वर पुठ्ठा ठेवला आणि दोरी आवळली. गाठ पुन्हा पुन्हा सैल पडत होती. काकूंनी पुढे वाकून गाठीवर बोट दाबून धरलं, आणि मी बांधलं.